पहिलटकर बाबा विमानात

पहिलं बाळंतपण माहेरी, हा नियम मोडायचं धाडस आयटीतल्या मराठी जोडप्यांनी अजून फारसं केलेलं नाही. नोकरी बेंगळुरूला, माहेर नागपूरला. मग दोन-तीन महिन्यांनी ‘घ्यायला या’ असा निरोप येतो आणि नागपूरच्या विमानतळावर एक खास प्राणी दिसू लागतो. छातीवर बाळ बांधायचं कॅरिअर, पाठीवर सॅक, एका खांद्यावर डायपरची पिशवी, दुसऱ्यावर थर्मास, आणि पुढे ढकलगाडी. गाडीत दुपट्यांचा ढीग आणि सासूबाईंनी दिलेला डिंकाच्या लाडवांचा डबा. बाळ सोडून बाळाचं सगळं याच्या अंगावर असतं. बाळ मागून येणाऱ्या बायकोच्या कडेवर निवांत झोपलेलं असतं.

हा पहिलटकर बाबा. वय तिशीच्या पुढेमागे, हुद्दा कसलातरी लीड.

याचा पूर्वेतिहास काही फार उजळ नाही. २०१६ मध्ये इंडिगोने काही रांगा ‘क्वाएट झोन’ म्हणून जाहीर केल्या: पहिल्या चार, आणि अकरा ते चौदा. तिथे बारा वर्षांखालच्या मुलांना जागा मिळणार नव्हती. देशभर वाद झाला. पालक चिडले, ब्रह्मचारी सुखावले. आपला बाबा तेव्हा ब्रह्मचारी होता आणि ‘पैसे भरून शांतता विकत घेण्याचा ग्राहकाचा हक्क’ या विषयावर त्याने सोशल मीडियावर लांबलचक मजकूर लिहिला होता. बायकोने तो अलीकडेच शोधून काढलाय. योग्य वेळी वापरण्यासाठी ठेवलाय.

विमानाचा दिवस ठरवताना बाबा नियमांपासून सुरुवात करतो. तीन दिवसांच्या बाळालाही घेणाऱ्या कंपन्या आपल्याकडे आहेत, जपान एअरलाइन्स आठव्या दिवसापासून घेते, हे त्याला पाठ असतं. पण इथे सासूबाईंचा नियम चालतो: सव्वा महिना उंबऱ्याबाहेर नाही. डॉक्टर सांगतात, सहा आठवड्यांची लस होऊ द्या. सहा आठवडे म्हणजे बेचाळीस दिवस. सव्वा महिना आणि लसीकरणाचं वेळापत्रक इतकं जवळ येतं हे पाहून बाबा थक्क होतो आणि हे आश्चर्य सासूबाईंना बोलून दाखवतो. त्या म्हणतात, “त्यात काय जी, आम्हाले माहीतच होतं.”

तिकिटाने मात्र एक मोठं काम केलं. दोन महिने दोन घराण्यांत नावावरून शीतयुद्ध चालू होतं. पत्रिकेतलं अक्षर एक, आत्याने बारशाला कानात सांगितलेलं दुसरं, आणि आजोबांना हवं असलेलं तिसरं. विमानतळावर वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला दाखवावा लागतो, आणि दाखल्यावरचं नाव तिकिटाशी जुळावं लागतं. “सोमवारपर्यंत नाव सांगा, भाडं वाढतंय,” असं बाबाने दोन्हीकडच्या ग्रुपवर टाकलं आणि रविवारी रात्री एकमत झालं. बारशाला न सुटलेला प्रश्न तिकिटाच्या दराने सुटला.

बाकी तयारी रात्री तीनच्या दुधाच्या वेळी मोबाइलवर चालते. २०१६ च्या मदर्स डेच्या निमित्ताने अमेरिकेत जेटब्लूने एका विमानात जाहीर केलं, की बाळाच्या प्रत्येक रडण्यामागे सगळ्या प्रवाशांना पुढच्या तिकिटावर पंचवीस टक्के सूट. चार वेळा रडारड झाली की तिकीट फुकट, आणि ते झालंही. जपान एअरलाइन्स जागा निवडतानाच नकाशावर बाळाचं चिन्ह दाखवते, म्हणजे ज्याला लांब बसायचंय त्याने बसावं. बाबा हे सगळं अर्धवट झोपेतल्या बायकोला वाचून दाखवतो. मग जून २०१७ ची गोष्ट येते. जेट एअरवेजच्या दम्मामहून कोचीला निघालेल्या विमानात बाळ जन्मलं, विमान मुंबईला उतरवलं आणि कंपनीने त्या बाळाला आयुष्यभर मोफत प्रवास जाहीर केला. “केवढं नशीब!” बाबा म्हणतो. “कंपनी २०१९ ला बंद पडली,” बायको डोळे न उघडता म्हणते. बाळ तेव्हा दोन वर्षांचंही नव्हतं. दोन वर्षांपर्यंत तसंही मांडीवर बसूनच जायचं असतं.

पण बाबाच्या मनात घर केलं ते एका कोरियन आईने. २०१९ मध्ये सोल ते सॅन फ्रान्सिस्को प्रवासात तिने चार महिन्यांच्या बाळाच्या वतीने दोनशे पिशव्या वाटल्या होत्या. त्यात गोळ्या, कानात घालायचे बोळे आणि आगाऊ माफीची चिठ्ठी. बाबाने ठरवलं, आपणही करायचं. बोळे नको, उगाच भीती वाटेल. नागपूर म्हटल्यावर संत्रा बर्फी आलीच. दोन किलो घेतली, बटरपेपरमध्ये एकेक वडी बांधली, आणि वर इवलीशी चिठ्ठी: ‘माझा हा पहिलाच विमानप्रवास आहे. रडलो तर सांभाळून घ्या.’

“हे कोणासाठी?” सासूबाईंनी विचारलं.

“शेजारच्यांसाठी.”

“त्यांचं लेकरू रडलं तर ते देतील का तुम्हाले?”

सुरक्षा तपासणीत कठोर चेहऱ्याचा जवान बाळाला पाहून विरघळला आणि “कितने महीने का है?” विचारत राहिला. मागची रांग खोळंबली. बाबा त्या रांगेकडे पाहून चार वेळा सॉरी म्हणाला. पुढे ‘लहान मुलांसोबतच्या प्रवाशांनी आधी यावं’ ही घोषणा झाली आणि बाबा ताठ मानेने निघाला. आधी चढणं म्हणजे बंद विमानात बाळाला घेऊन अर्धा तास जास्त बसणं, हा हिशेब त्याने तयारीसाठी केलेल्या एक्सेलमध्ये नव्हता.

रांगेत आणखी एक बाळ निघालं. बाबा खूश झाला, तेवढ्यात हवाईसुंदरी आली. या विमानात तीन सीटांच्या गटावर चार ऑक्सिजन मास्क असतात, म्हणजे एका गटात मांडीवरचं बाळ एकच. दुसऱ्या बाळाला पलीकडे हलवलं. जाता जाता दोन्ही बाबांनी पाच मिनिटांत डायपरचे ब्रँड, वजनं आणि रात्रीची जागरणं यांची देवाणघेवाण केली. दुसऱ्या बाबाचं बाळ सलग पाच तास झोपतं म्हणे. आपल्या बाबाचा चेहरा उतरला.

मग बर्फीवाटप. इथे जे झालं त्याची कोरियन आईला कल्पना करता येणार नाही. चिठ्ठी कोणी वाचलीच नाही. तेराव्या रांगेतल्या काकूंनी वडी हातात घेतली आणि म्हणाल्या, “अय्या, मुलगी झाली! अभिनंदन!” मुलगा झाला तर पेढे आणि मुलगी झाली तर बर्फी, हा आपल्याकडचा हिशेब. (तो मुळात कोणी लावला, त्याला शोधून काढायला हवं.) “मुलगा आहे,” बाबा म्हणाला. काकूंनी वडीकडे पाहिलं. “मग पेढे का नाही?” तोवर बातमी सहा रांगा मागे गेली होती आणि सगळं विमान बाळाला ‘ती’ म्हणू लागलं होतं.

जगभरातल्या कंपन्यांना प्रवाशांना बाळापासून वाचवायची काळजी असते. नागपूर-बेंगळुरू विमानात बाळाच्या बापाला प्रवाशांपासून वाचवायची सोय हवी. बाबा शत्रू भेटतील या तयारीने आला होता आणि त्याला सल्लागार मिळाले. कुंची कुठेय, एसी किती लागतोय. पाय उघडे कसे ठेवले? तीट लावली नाही? चौदाव्या रांगेतले एक काका बाळाला उचकी लागल्यावर काय करायचं हे मोठ्याने सांगत होते. बाळाला उचकी लागलेली नव्हती.

उड्डाणाच्या वेळी बाबाने आपलं सर्वात मोठं शास्त्रीय ज्ञान वापरलं. विमानाच्या आतला दाब जमिनीवरच्यासारखा नसतो, आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा इतका कमी होऊ शकतो. म्हणजे उंबरा न ओलांडलेलं लेकरू अर्ध्या तासात कळसूबाईच्या दीडपट उंचीवर. बाळाच्या कानाला घशाशी जोडणारी नळी अरुंद असते, गिळलं की ती उघडते, म्हणून उड्डाणाच्या वेळी दूध पाजावं. सगळं बरोबर. फक्त बाळ झोपलेलं होतं. बाबाने त्याला उठवलं.

बायकोने त्या क्षणी बाबाकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यासाठी क्वाएट झोनवरच्या मजकुराचीही गरज पडली नाही. बाळाने तार सप्तकात सूर लावला. दूध पाजलं. विमान धावपट्टीवर आपल्या नंबरची वाट पाहत उभंच होतं. दूध संपलं, बाळ पुन्हा झोपलं, आणि मग विमान उडालं. कानांना काहीही झालं नाही. वर जाताना कानातली जादा हवा बहुधा आपोआपच बाहेर पडते. खरा त्रास उतरताना होतो. बाहेरचा दाब वाढत जातो आणि नळी गिळल्याशिवाय सहसा उघडत नाही. विमान बेंगळुरूच्या दिशेने खाली येऊ लागलं, बाळ जागं झालं, आणि थर्मास रिकामा होता.

बायकोने ओढणी सावरून बाळाला छातीशी घेतलं. काकू पलीकडून म्हणाल्या, “आता बरोबर.” चौदाव्या रांगेतल्या काकांनी ‘मी आधीच म्हणालो होतो’ असं काहीतरी सुरू केलं. मोकळ्या हातांनी काय करावं ते बाबाला सुचेना, तेव्हा तो उरलेली बर्फी मागच्या रांगांना वाटायला उठला. “सर, बेल्ट लावा,” असं त्याला दोनदा सांगावं लागलं.

घरी पोचल्या पोचल्या सोसायटीच्या मराठी ग्रुपवर एक निरोप होता: पुढच्या महिन्यात मुलीला घेऊन पुण्याहून यायचंय, कुणाला अनुभव आहे का? बाबाने बूटही काढले नाहीत. एक्सेल उघडली, नावं काढली, थर्माससमोर ‘दोन’ लिहिलं, ‘झोपलेलं बाळ’ या रकान्यात ‘हात लावू नये’ असं लाल अक्षरांत टाकलं, आणि शेवटच्या ओळीत भर घातली: ‘तुमची मुलगी आहे, बर्फी चालेल. चिठ्ठी छापू नका, कोणी वाचत नाही.’