धोंड्याचा रिचार्ज

सर्वप्रथम, घरात कोणालाही सांगू नये. मोबाइलची कंपनी बदलायची आहे असं जेवताना बोलून गेलात की कार्य तिथेच बुडालं. चिरंजीव बंगळुराहून व्हिडिओ कॉलवर विचारतात, "बाबा, महिन्याला शंभर रुपयांसाठी?" या प्रश्नाला आजवर कुठल्याही बापाला सभ्य उत्तर सापडलेलं नाही. शंभर रुपयांचा प्रश्न नसतोच. ते कंपनीला काय म्हणून द्यायचे, हा असतो. हे एकतर माणसाला कळतं किंवा त्याला चांगला पगार असतो.

मी २०११ पासून सात वेळा कंपनी बदलली आहे. पुढील मार्गदर्शन त्या अधिकाराने करतो.

पूर्वतयारी म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर घ्यावं, फोनमधलं नव्हे, आणि एक लाल पेन. मोबाइलचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. अठ्ठावीस तेरे तीनशे चौसष्ट, म्हणजे वर्षाला रिचार्ज तेरा. आपल्या पंचांगात अधिकमास साधारण साडेबत्तीस महिन्यांनी येतो, तोही चंद्र-सूर्याचा मेळ बसवायला. इथे दरवर्षी येतो. धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे वाण द्यायचे असतात. तेराव्या रिचार्जचे अनारसे मात्र कंपनी खाऊन जाते, आणि आपण तिला कोणती मुलगी दिली होती ते काही केल्या आठवत नाही. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने हुकूम काढला की प्रत्येक कंपनीने पूर्ण तीस दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला येणारा असा एकेक तरी पॅक ठेवावा. कंपन्यांनी ते ठेवले. पाहुण्यांसाठीचा चांगला टॉवेल आपण कपाटात ठेवतो तसे ठेवले. आहेत, पण हाताला लागत नाहीत.

पॅकची तुलना करताना रोजच्या डेटाकडे नीट पाहावं. दिवसाला दीड जीबी मिळतो आणि रात्री बाराला उरलेला जातो. 'ताटात टाकायचं नाही' या संस्कारात वाढलेल्या माणसाला हे फार जड जातं. मी साडेअकराला बिछान्यावर बसून शेळीपालनाचे व्हिडिओ पाहतो. आमच्याकडे शेळी नाही, सदनिका तिसऱ्या मजल्यावर आहे, पण उस्मानाबादी आणि संगमनेरी यांतला फरक मी आता झोपेतही सांगेन. तेव्हा गरजेपेक्षा जास्त डेटाचा पॅक घेऊ नये. प्रकृतीवर परिणाम होतो. ज्यांना फक्त बोलायचं आहे त्यांच्यासाठी बिनडेटाचे, नुसत्या कॉलचे आणि एसएमएसचे पॅकही कंपन्यांना आता ठेवावे लागतात. दुकानदाराकडे ते मागितले तर तो आधी तुमच्याकडे बघतो, मग तुमच्या चपलांकडे.

या टप्प्यावर कोणीतरी वडीलधारं म्हणतंच की आता सगळं किती स्वस्त आहे. ते खरं आहे. १९९५ साली आपल्याकडे मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडत, आणि आलेला फोन उचलण्याचेही पैसे. इनकमिंग फुकट व्हायला २००३ उजाडावं लागलं. त्या काळात या राष्ट्राने मिस कॉल नावाचं शास्त्र विकसित केलं. आमच्या घरात एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे दूध घेऊन ये, तीन म्हणजे उचल, खरंच काहीतरी झालंय. एकदा धाकट्या भावाने चुकून तीन रिंग दिल्या आणि आई देवासमोर बसली. त्याला फक्त पाव आणू का, एवढंच विचारायचं होतं. हा इतिहास वडीलधाऱ्यांना ऐकवावा आणि विषय बदलावा.

आता रेंजची पाहणी. इथे घाई करणारे पुढे रडतात. स्वस्त कंपनीची रेंज जाहिरातीत देशभर असते. आपल्याला ती स्वयंपाकघरात लागते. तेव्हा त्या कंपनीचं सिम असलेला एक नातेवाईक शोधून त्याला घरी चहाला बोलवावं. हेतू सांगू नये. चहा बैठकीत द्यावा, मग बोलत बोलत गॅलरीत न्यावं, तिथून 'आमचं नवं कपाट बघा' म्हणत आतल्या खोलीत, आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या खिशातल्या फोनवर रिंग द्यावी. माझ्या मावसभावावर मी हा प्रयोग केला. स्वयंपाकघरात ओट्याच्या डाव्या टोकाला, मिक्सरपाशी, रेंज पूर्ण होती. बैठकीत दोन काड्या. न्हाणीघरात त्याला न्यायला काही निमित्त सापडेना, तो माझ्या पाहणीतला दोष राहिला आणि पुढे भोवला. मावसभाऊ जाताना हिला हळूच म्हणाला, "वहिनी, दादाची तब्येत बरी आहे ना?"

गावाची पाहणी वेगळी. आमचं मूळ घर कोकणात आहे आणि तिथे रेंज ही घराला नसते, झाडाला असते. आमच्या वाडीत ती मागच्या परसात, फणसाखालच्या चिऱ्यावर उभं राहिलं की येते, आणि त्या चिऱ्यावर कोणाची कंपनी लागते, कोणाची लागत नाही, याची नोंद काकूला तोंडपाठ आहे. तिला विचारल्याशिवाय मी कंपनी बदलत नाही. "अरे, ती घेऊ नको," ती म्हणते, "त्या कंपनीक विहिरीच्या काठार जावचा लागता."

भूगोलाची आणखी एक बाब. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला, पण दूरसंचाराच्या नकाशावर मुंबई अजून वेगळं सर्कल आहे. उलट गोव्याने १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात यायला नकार दिला, तर त्या नकाशात 'महाराष्ट्र आणि गोवा' एकच. कागदावर जे लढून मिळालं आणि जे मागून मिळालं नाही, ते दोन्ही तिथे नेमकं उलटं करून ठेवलंय. वाचकाला याचा उपयोग एवढाच की सर्कलच्या आत नंबर तीन कामाच्या दिवसांत हलतो, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच लागतात. कामाच्या दिवसांत, हे ध्यानात घ्या. दिवाळीच्या तोंडावर हे काम काढू नये.

प्रत्यक्ष विधी सोपा आहे. इंग्रजीत 'पोर्ट' हा शब्द, एक जागा सोडून आपला नंबर, आणि १९०० वर एसएमएस. जुन्या कंपनीत नव्वद दिवस झालेले असतील, बाकी थकलेली नसेल आणि नंबर न्यायप्रविष्ट नसेल तर आठ अक्षरी कोड येतो. (नंबर न्यायप्रविष्ट असू शकतो हे वाचून मला त्या नंबराबद्दल आदर वाटला.) आपल्याकडे हा कोड चार दिवस टिकतो, म्हणजे पुरणपोळीपेक्षा थोडा जास्त. नंबर तोच ठेवून पक्ष बदलायचा, ही कल्पना इतर राज्यांत लोकांना समजावून सांगावी लागली असेल. महाराष्ट्रात चिन्हासकट पक्षांतर लहान मुलांनाही समजतं.

कोड आला की जुन्या कंपनीचे फोन सुरू होतात. तीन वर्षं जिने आपल्याला 'प्रिय ग्राहक' यापलीकडे ओळखलं नाही, ती एकदम नावाने, तेही सरसकट, हाक मारू लागते. सर, आपल्याला काय त्रास झाला? सर, खास आपल्यासाठी एक ऑफर आहे. इथे वाकू नये, पण लगेच नाहीही म्हणू नये. बंडखोराने अर्ज भरला की त्याच्याकडे जे कोण कोण येऊन बसतात, त्यांचा चहा पिऊन घ्यावा. पोर्टिंगची विनंती दिल्यानंतर चोवीस तासांत ती रद्दही करता येते. अर्ज मागे घेण्याची मुदत समजा. मी एकदा घेतला होता. ती ऑफर तीन महिन्यांनी संपली.

नवं सिम दुकानात न घेता रस्त्यावर छत्री लावून बसलेल्या मुलाकडे घ्यावं. दुकानात पाणी मिळतं, छत्रीखाली सिम मिळतं. मुलगा आधार नंबर विचारतो आणि यंत्रावर अंगठा ठेवायला सांगतो. चौतीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसाचा अंगठा यंत्राला दिसत नाही. मुलगा म्हणतो, "काका, पुसून ठेवा." मग "काका, दाबून ठेवा." मग "काका, दुसरा बोट बघू." दहाही बोटं झाली की डोक्याला पुसून पुन्हा अंगठा, कारण केसांचं तेल लागलं की उमटतो, हे ज्ञान त्या मुलाने मला दिलं. त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. फोटोत डोळे मिटतात. मिटू द्यावेत. पुन्हा काढायला गेलं की आधीचं सगळं जातं आणि अंगठ्यापासून सुरुवात होते.

जुन्या खात्यात शिल्लक ठेवू नये, ती बरोबर येत नाही. माझे एकदा सदतीस रुपये गेले. त्यांचा विषय मी घरात काढत नाही, इतरांनीही काढू नये.

मग एका रात्री जुनं सिम मरतं आणि नवं अजून जिवंत झालेलं नसतं. हे काही तास फार चांगले असतात. कोणी कर्ज देऊ करत नाही, कोणी फ्लॅट विकत नाही. मी या काळात पुस्तक वाचतो, आणि खरं सांगायचं तर सातपैकी दोन वेळा तेवढ्यासाठीच कंपनी बदलली.

सकाळी भाजीवालीसमोर कळतं की सिम बदललं म्हणून पैसे देण्याच्या अॅपने आपल्याला ओळखायचं सोडलं आहे. त्याला पुन्हा एसएमएस पाठवून आपण आपणच आहोत हे पटवायचं असतं आणि मंडईत नव्या कंपनीची रेंज नसते. तेव्हा पहिला आठवडा खिशात सुटे पैसे ठेवावेत. माझ्याकडे नव्हते. भाजीवाली म्हणाली, "राहू द्या आजोबा, उद्या द्या." कोथिंबिरीची जुडी दहा रुपयांची होती. आजोबा हा शब्द मला चारशेला पडला. मी दुसऱ्या दिवशी केस रंगवून घेतले.

हिशेब असा. जुना पॅक २९९, नवा १९९. तेरा रिचार्जचे वर्षाला तेराशे रुपये वाचतात. त्यातून मावसभावाचा चहा-भजी, छत्रीपर्यंत दोन वेळच्या रिक्षा, केसांचा रंग वजा जाता चांगली रक्कम उरते. नेमकी किती ते मी वहीत लिहिलेलं आहे, वही माझ्याकडे आहे.

सध्या मी नव्या कंपनीत आहे. घरात मिक्सरपाशी उभं राहून बोलतो, तेही मिक्सर बंद असेल तेव्हा. ताई चिपळूणहून फोन करते तो हिच्या फोनवर. "त्याला दे गं," म्हणते, "तो कुठल्यातरी नव्या कंपनीत गेलाय ना?" बँकेचा माणूस, डॉक्टर, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे आता हिच्याच नंबरावर माझी चौकशी करतात. हिने २००६ पासून कंपनी बदललेली नाही. मी मात्र न्हाणीघरात असताना आलेले दोन महत्त्वाचे फोन अजून आलेलेच नाहीत. परत फिरायचं म्हटलं तरी नव्वद दिवस थांबावं लागतं. ते मी कॅलेंडरवर लाल पेनने मोजून ठेवलेत आणि शेवटच्या दिवसाभोवती गोल केला आहे.

काल हिने तो गोल पाहिला.

"अहो, त्या दिवशी कसला उपास आहे?"

"उपास नाही," मी म्हटलं, "पारणं आहे."