प्रयोग क्र. १ : चार हजारांच्या पुढे गाडी दम सोडते

(नवशिक्या टर्बोधारकांच्या प्रात्यक्षिक वहीतून. आकृती पेन्सिलनेच काढावी, ग्रीसचे डाग चालतील.)

उद्देश

टर्बो पेट्रोल गाडी खालच्या आरपीएमला जोमात ओढते आणि चार हजारांच्या पुढे नुसती ओरडते. तिचं दुखणं शोधणे, आणि ते सापडेपर्यंत नवा टर्बो विकत न घेणे. यातला दुसरा भाग जास्त अवघड आहे.

साहित्य

१. गाडी, निदान अर्धी टाकी पेट्रोलसह.
२. ब्लूटूथ ओबीडी डोंगल आणि आकडे साठवून ठेवणारं एखादं अ‍ॅप.
३. प्लगचा गॅप मोजायला फीलर गेज.
४. प्लंबिंगच्या दुकानातली पीव्हीसी एन्ड कॅप, तिला भोक पाडून बसवलेला ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व्ह.
५. साबणाचं पाणी आणि जुना ब्रश.
६. एक जाणकार मित्र. हा आणावा लागत नाही, बॉनेट उघडलं की आपोआप हजर होतो. बॉनेटमध्ये डोकं घालायच्या आधीच तो "टर्बो गेला" असं सांगतो. मागे एकदा त्याने हेच निदान ज्या गाडीचं केलं होतं, तिला टर्बो नव्हता.

पूर्वज्ञान

इंजिनाच्या मागण्या चारच: हवा आत यावी, पेट्रोल पुरावं, ठिणगी वेळेवर पडावी आणि धूर बाहेर जावा. यातलं काही अर्धवट असलं तरी खालच्या आरपीएमला इंजिन चालवून घेतं. वर गेल्यावर मात्र हिशेब कडक होतो.

एक लिटरचं टर्बो इंजिन आयडलिंगला मिनिटाला साधारण शे-सव्वाशे लिटर हवा घेतं. तेच इंजिन शंभर-एकशेदहा अश्वशक्ती काढायला लागलं की चार हजार लिटरांच्या पुढे जातं. म्हणजे तीस पटींहून जास्त. पाइपातून जाताना दाबात होणारी घट मात्र तीस पट वाढून थांबत नाही, ती ढोबळमानाने प्रवाहाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते, म्हणजे नऊशे पटींच्या घरात जाते. त्यामुळे गाडी गॅरेजच्या दारात उभी करून, दोनदा रेस देऊन, "बघा साहेब, काय मस्त चालतेय" म्हणणारे उस्ताद खोटं बोलत नाहीत. त्यांच्या बोलण्याचा उपयोग मात्र काही होत नाही.

वेळेचंही तसंच. सहा हजार आरपीएमला एका सिलिंडरचं पूर्ण चक्र २० मिलिसेकंदांत उरकतं. हवा घेणं, दाबणं, जाळणं, बाहेर टाकणं, सगळं त्यातच. आळशी पंपाला आणि म्हाताऱ्या कॉइलला तिथे सवलत मिळत नाही.

कृती

पायरी १ : दुखणं आहे का, ते बघणे.

ही पायरी सगळे गाळतात. चाकणला बनलेल्या पोलो १.० टीएसआयचं उदाहरण घ्या. कागदावर ११० पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. हा टॉर्क १,७५० ते ४,००० आरपीएमपर्यंत सपाट असतो आणि पुढे उतरतो. ५,५०० आरपीएमला ११० पीएस काढायला १४० न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे पाठीला जाणवणारा रेटा एक पंचमांशाने कमी झाला, आणि नेमकं त्याच वेळी इंजिन आपली कमाल ताकद देत होतं. खालून लवकर जोर यावा म्हणून टर्बो मुद्दाम छोटा ठेवलेला असतो. वर त्याला पुरेशी हवा पुरवता येत नाही. हा दोष नाही, तडजोड आहे, आणि ती शोरूममध्ये सह्या करताना तुम्ही मान्य केली आहे.

तेव्हा स्वतःला विचारा: गाडी पहिल्यापासून अशीच होती की आता झाली? उत्तर "पहिल्यापासून" असेल तर वही मिटा. एक्स्प्रेसवेवरून घरपोच आलेलं ताजं ई-चलानही वरच्या आरपीएमच्या तब्येतीचा पुरावा धरता येतं.

पायरी २ : गाडी कशी मरते, ते शब्दांत लिहिणे.

"पिकअप नाही" हे निरीक्षण नव्हे. खालीलपैकी एक निवडा.

(अ) झटके देते, फुरफुरते: ठिणगीवर संशय.
(आ) झटका नाही, पण कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी जडावते: हवा, बूस्ट किंवा धूर.
(इ) बटण बंद केल्यासारखी एकदम पडते, गाडी बंद करून चालू केली की ठीक: ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, स्वतःहून हात आखडता घेतलाय. आधी फॉल्ट कोड वाचा.
(ई) आरपीएम चढतो, वेग तिथेच: इंजिनाला बोल लावू नका, क्लच प्लेट बघा. एकाच गिअरमध्ये आरपीएमला वेगाने भागलं की उत्तर कायम तेच यायला हवं. ते वाढत गेलं तर क्लच सरकतोय.

पायरी ३ : आकडे घेणे.

इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन करा आणि आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा आकडा वाचा. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास हवा, पुण्यात ९५ च्या, महाबळेश्वरला ८६ च्या. सेन्सर बाहेरच्या हवेबद्दलच खोटं बोलत असेल तर आतल्या बूस्टबद्दल त्याची साक्ष धरू नये.

मग इंजिन पुरतं गरम करून डायनो गाठा. डायनो नसेल तर मोकळा, सरळ रस्ता आणि दुसरा गिअर. तिसऱ्याचा मोह कायद्याच्या बाहेर नेतो. दोन हजारांपासून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून लाल रेषेच्या अलीकडपर्यंत एकदाच जायचं. स्वस्त डोंगलला सगळं एकदम विचारू नका, तो सेकंदाला मोजकेच आकडे देतो. आरपीएम, मॅप, आत येणाऱ्या हवेचं तापमान, इग्निशन टायमिंग आणि पेट्रोलच्या रेलचा दाब, एवढं बस. फोन जाणकार मित्राच्या हातात द्या. आकडे मोठ्याने वाचणाऱ्या माणसाला निदान करायला सवड मिळत नाही.

सगळ्यात महत्त्वाची जोडी म्हणजे ईसीयूने मागितलेलं बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेलं बूस्ट. साध्या अ‍ॅपमध्ये "मागितलेलं" बहुधा दिसत नाही, त्यासाठी त्या कंपनीचं प्रोटोकॉल वाचणारा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावं लागतं. त्या स्कॅनिंगला दिलेले पैसे या प्रयोगातले सगळ्यात सत्कारणी लागलेले पैसे.

निरीक्षणे

१. मागितलेलंच कमी झालं: ईसीयू घाबरलाय. हवा तापली असेल किंवा नॉकिंग ऐकू येत असेल. १५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की तिची घनता नऊ-दहा टक्क्यांनी उतरते. मे महिन्यात अकोल्याला कोणीही न बिघडवता एवढी ताकद कमी होते. त्यात इंटरकूलरला प्लॅस्टिकची पिशवी चिकटलेली असेल तर बघायलाच नको. टायमिंग मागे मागे जात असेल तर नेहमीच्या पेट्रोलऐवजी जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलची एक टाकी भरून तीच चाचणी पुन्हा घ्या. फरक पडला तर दुखणं पंपावरच्या नळीत होतं.

टर्बो गाडीचं हे रडगाणं पहिल्या पिढीपासूनचं आहे. १९६२ च्या ओल्डस्मोबाइल जेटफायरमध्ये नॉकिंग टाळायला पाणी आणि मेथॅनॉलचं मिश्रण फवारलं जाई. त्याची टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट आवरून धरी. अनेक मालकांनी टाकी भरलीच नाही, आणि बोल लागला टर्बोला.

२. मागितलेलं कायम, मिळालेलं कमी: हवा कुठेतरी गळतेय, अडतेय, किंवा टर्बोला वळसा देऊन धूर सोडणारं वेस्टगेट उघडं राहतंय. पायरी ४, ५ आणि ७.

३. बूस्ट शाबूत, रेलचा दाब पडतोय: पंप किंवा फिल्टर. थेट इंजेक्शनच्या गाडीत पूर्ण भारावर हा दाब दोनशे बारच्या घरात असतो, आणि तो तयार करणाऱ्या मोठ्या पंपाला टाकीतला छोटा पंप खालून पेट्रोल पुरवतो. छोटा थकला की मोठा उपाशी. त्यातून ई२० पेट्रोल. साध्या पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, ई२० ला सुमारे १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल पुरवावं लागतं. कडेकडेने निभावत असलेला पंप नेमका इथे उघडा पडतो.

४. बूस्टही ठीक, दाबही ठीक, पण झटके: प्लग आणि कॉइल. पायरी ६.

पायरी ४ : एअर फिल्टरचा डबा उघडणे.

फुकट आहे, म्हणून आधी. पावसाळ्यात पार्किंगमध्ये आठ दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या या डब्यात उंदीर बाळंत झालेला असू शकतो. चिंध्या, शेंगांची टरफलं आणि कुरतडलेला फिल्टर, असा ऐवज निघाला तर वायरिंगवरूनही हात फिरवा. उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखू ठेवणाऱ्यांनी पुडी हवेच्या तोंडाशी ठेवू नये. व्यसन गाडीला लागतं. फिल्टर "हवा मारून" किती वेळा वापरला, हे उस्तादांना न विचारता नवा टाकावा.

पायरी ५ : हवा कुठून जाते, ते शोधणे.

फिल्टरच्या बाजूचा होज पाइप काढून टर्बोच्या तोंडाला एन्ड कॅप क्लॅम्पने घट्ट बसवा आणि व्हॉल्व्हमधून कॉम्प्रेसरची हवा हळूहळू भरा. अर्ध्या बारवर थांबा, जास्त भरलीत तर ऑइल सील बोलायला लागतील. आता साबणाचं पाणी प्रत्येक जोडाला लावा. वरच्या बाजूला सगळं कोरडं आणि सज्जन दिसेल. ब्रश पाइपाच्या पोटाखालून फिरवा: इंटरकूलरकडून येणाऱ्या रबराच्या वळणावर, क्लॅम्पच्या अलीकडे, जिथे तेलकट धूळ चिकटून काळी रेघ उमटलेली असते, तिथे बुडबुडे येतील. ही चीर आयडलिंगला मिटलेली असते. बूस्टचा दाब आला की ओठ उघडतात. डायव्हर्टर व्हॉल्व्हचा पडदा फाटला असेल तर तोही इथेच सापडतो. वेस्टगेटच्या अ‍ॅक्चुएटरकडे जाणाऱ्या बारक्या नळ्याही तपासा. त्यातली एक सुटली तरी अख्खं गणित बदलतं.

पायरी ६ : प्लग काढणे.

दाब वाढला की ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं, आणि गॅप झिजून रुंदावला की त्याहून जास्त. बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांना ०.७ ते ०.८ मिलिमीटरच्या आसपासचा गॅप असतो, तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत आहे. कॉइलवर संशय असेल तर तिची जागा शेजारच्या सिलिंडरच्या कॉइलशी बदला. मिसफायरचा कोडही तिच्याबरोबर शेजारी गेला, तर चोर सापडला.

हे काम पुढे ढकलू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि आतली सिरॅमिकची जाळी वितळवतं. मग धुराची वाट बंद, आणि वरच्या आरपीएमला गाडी आणखी मरते. प्लगचा खर्च वाचवून कन्व्हर्टर विकत घेण्याची ही राजमान्य पद्धत आहे. तो तुंबलाय का हे बघायला पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावतात. उभ्या गाडीत अडीच हजार आरपीएमला ०.२ बारच्या वर दाब दिसला तर संशय पक्का.

पायरी ७ : आता टर्बोकडे बघणे.

इथवर येऊन काहीच सापडलं नसेल तरच. आधी वेस्टगेट: आरपीएम वाढतो तसा धुराचा दाबही वाढतो आणि झडप ढकलून उघडू बघतो. अ‍ॅक्चुएटरची स्प्रिंग ढिली असेल तर खाली बूस्ट पूर्ण, वर गळती. मग टर्बोची दांडी बोटांनी हलवून बघा. बाजूला किंचित हलली तर चालतं, तिथे तेलाचा थर असतो. पुढे-मागे खेळ जाणवता कामा नये. मिनिटाला दोन लाखांहून जास्त फेरे घेणाऱ्या दांडीला तेवढी शिस्त लागतेच.

दक्षता

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. फिल्टर, प्लग आणि होज एकदम बदलून गाडी सुधारली, तर गाडी सुधारली. तुम्ही काही शिकला नाहीत.
२. वेस्टगेटचा रॉड "दोन आटे पिळून" बूस्ट वाढवू नका. ईसीयूला न विचारता दिलेली बढती तो मान्य करत नाही.
३. आजारी गाडीला रिमॅप करू नका. पुरवठा कमी पडतोय, तिथे मागणी वाढवून काय मिळणार?

तोंडी परीक्षा

प्रश्न: टर्बो केव्हा बदलावा?
उत्तर: निळा धूर, तेलाची घट, दांडीचा खेळ किंवा पात्यांना इजा दिसल्यावर. मित्राने सांगितल्यावर नव्हे.

प्रश्न: सगळ्यात आधी काय बदलावं?
उत्तर: काहीही नाही. आधी मोजावं.

प्रश्न: सगळं तपासलं, मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट तंतोतंत जुळलं, एकही दोष सापडला नाही, तरी गाडी साडेपाच हजारांच्या पुढे मंदावते. आता काय करावं?
उत्तर: वरचा गिअर टाकावा.