एकस्तर वर

आमच्या घराण्यात लग्नकार्यात ओळखी करून द्यायचं खातं काकांकडे आहे. "हा थोरला, हिंजवडीला असतो. ही टोरांटोला. हा स्वतःचा बिझनेस करतो." प्रत्येक नावागणिक काकांची छाती थोडी पुढे येते. माझ्यापाशी पोचले की आवाज एकदम खाली उतरतो. "हा... गडचिरोलीकडे असतो." ऐकणारा माणूस सहानुभूतीने विचारतो, "अरेरे. किती वर्षांची झाली?"

मी एटापल्ली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. गडचिरोलीहून चामोर्शी, आष्टी, आलापल्ली करत एसटी एटापल्लीला येते आणि माझी शाळा त्याच्याही पुढे. काकांच्या मते माणूस गावाकडून शहराकडे गेला, तर ती प्रगती. मी सांगलीहून निघून एवढा प्रवास केला, तो सगळा उलट्या दिशेने. "अरे, तुमच्याकडचं लाकूडसुद्धा तुझ्यापेक्षा पुढे गेलं," असं ते एकदा म्हणाले. त्यात खोट काढता येत नाही. या भागातलं सागवान 2023 साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी गेलं. बल्लारपूरला त्याची पूजा झाली, वाजतगाजत शोभायात्रा निघाली. बदली व्हावी तर अशी! सर्व्हिस बुकाची झेरॉक्स नाही, की कुणाच्या पाया पडणं नाही.

पैशाच्या बाबतीत मात्र सरकारचा तर्क काकांच्या बरोबर उलटा आहे. आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात नोकरी करणाऱ्याला 2002 च्या शासननिर्णयाप्रमाणे एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते. आमच्यात तिला नुसतं 'एकस्तर' म्हणतात. "तुमचं एकस्तर लागलं का?" हा इथला कुशलप्रश्न. गंमत अशी, की ही बढती माणसाची नसून जागेची असते. इथून बदली झाली, की पगार पुन्हा खालच्या पायरीवर. थोडक्यात, पुण्याला जाऊन मी 'वर' आलो, की सरकारी कागदावर खाली येणार. हे काकांना समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे तिथे राहिलास तरी तोटा आणि आलास तरी तोटा." हिशेब असा मांडायलाही अक्कल लागते.

काका माणूस वाईट नाही. 2014 साली डॉ. प्रकाश आमट्यांवरचा नाना पाटेकरांचा सिनेमा पाहून ते ढसाढसा रडले होते. प्रकाशभाऊंचं हेमलकसा आमच्या शेजारच्या भामरागड तालुक्यातलं. 1973 साली बाबा आमट्यांनी तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाशभाऊ नि त्यांच्या पत्नी मंदाताई त्या जंगलात येऊन राहिले ते कायमचे. बनियन आणि अर्धी चड्डी हा प्रकाशभाऊंचा नेहमीचा वेश. मोनॅकोसारख्या श्रीमंतांच्या देशाने 1995 साली या दोघांचं टपाल तिकीट काढलं. 2008 साली मॅगसेसे मिळालं. काकांनी हे सगळं मला फोनवर, नाक ओढत, सांगितलं. "काय माणसं आहेत रे! कशाचा म्हणून मोह नाही!" आणि त्याच दमात, "तू मात्र यंदा बदलीचा फॉर्म भर."

मध्यंतरी मी त्यांना धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाबद्दल सांगून पाहिलं. तिथली ग्रामसभा हात वर करून मतं मोजत नाही. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत बोलत बसते, आज नाही झालं तर पुन्हा बसते. 2009 मध्ये याच गावाला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे, पण जिंकलं कोण?"

गरिबीला साधेपणा म्हणत कुरवाळायचं पाप मी करणार नाही. माझ्या वर्गातल्या पोरांना रस्ता हवा आहे, मोबाइलला रेंज हवी आहे आणि आजारी पडल्यावर डॉक्टर हवा आहे. निम्म्यांना पोलीस व्हायचंय. पण पहिला नंबर या गोष्टीचं त्यांना फारसं अप्रूप नाही, आणि याचं कारण मला पुस्तकात सापडलं नाही, आंब्याखाली सापडलं.

मागे एप्रिलात माझा हिंजवडीचा मावसभाऊ आला होता. नवं काहीही सगळ्यांच्या आधी आपल्या हातात आलं पाहिजे, ही त्याची आयुष्यभराची साधना. फोन बाजारात यायच्या आदल्या रात्री दुकानाबाहेर उभा राहणारा माणूस. गावातला आंबा कैऱ्यांनी लगडलेला बघून त्याने उडी मारली आणि एक तोडली. तिखटमीठ मागायला वळतो तर पोरांचा खेळ थांबलेला, सगळी त्याच्याकडे टकामका बघतायत. कारण गावचा पंडुम अजून व्हायचा होता. माडिया आदिवासींच्या गावांत नवं फळ, नवं धान्य आधी देवाला आणि पूर्वजांना दाखवतात, मग ते सगळं गाव खातं. त्याआधी कुणी तोंडात घालायचं नाही. मग तो पाटील असो, गुरुजी असो, की हिंजवडीचा.

"आधी खाल्लं तर काय होतं?" त्याने विचारलं.

"दंड," एक चौथीतलं पोरगं म्हणालं.

सगळ्यांच्या पुढे गेल्याबद्दल दंड! माझा भाऊ हादरला. त्याच्या कंपनीत याच गोष्टीला बोनस देतात. त्याने कैरी खिशात ठेवली, मग खिशातही नको म्हणून माझ्या हातात दिली, आणि सुट्टी दोन दिवसांनी वाढवली. पंडुमच्या दिवशी ढोल वाजले, पूजा झाली. आम्हीही इतरांबरोबर बसलो. कैरीच्या फोडी वाटल्या गेल्या. सगळ्यांनी एकदमच तोंडात टाकल्या, त्यामुळे पहिला कोण हे ठरवायला वावच नव्हता, आणि भाऊ मला त्यामुळे जरा बेचैन वाटला. त्याने फोड चावली आणि डोळे गच्च मिटले.

"आंबट आहे हो!"

शेजारचे म्हातारे बाबा मिशीत हसले.

"मग एवढ्या घाईनं कायले तोडत होते, साहेब?"