डॉक्टर हूचे जुनेजाणते चाहते कसे व्हावे

मालिकेचा चाहता होणे सोपे असते. ती आवडली की झाले. जुनाजाणता चाहता व्हायचे तर नुसती आवड पुरत नाही, मालिका पूर्वीसारखी राहिली नाही याची पक्की खात्री असावी लागते. ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानमालिकेच्या गोतावळ्यात थेट ज्येष्ठ म्हणून शिरायचे आहे, अशा होतकरूंसाठी हे मार्गदर्शन आहे. वयाची अट नाही. बारावीत असलात तरी १९६३ सालासाठी हळहळता येते. ऑनलाइन जन्मदाखला कोणी मागत नाही.

आधी नाव नीट घ्यायला शिका. कालयानातून भटकणाऱ्या नायकाला ‘डॉक्टर हू’ म्हणायचे नाही. तो नुसता ‘डॉक्टर’, आणि ‘डॉक्टर हू’ ही मालिका. समोरच्याने घोटाळा केला की डोळे मिटून सुस्कारा सोडावा आणि मग दुरुस्ती करावी. मात्र त्यावर कोणी शांतपणे म्हणाला, की १९८१ पर्यंत खुद्द मालिकेच्या श्रेयनामावलीत त्याचे नाव ‘डॉक्टर हू’ असेच येत होते आणि २००५ मध्ये पुन्हा तसेच आले, तर विषय बदला. तो तुमच्याहून जुना आहे.

मग तारीख पाठ करा : २३ नोव्हेंबर १९६३, शनिवार, बीबीसी. आदल्याच दिवशी अमेरिकेत केनेडींची हत्या झालेली, त्यामुळे पहिल्या भागाकडे लक्ष कोणाचे असणार? पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. हे सांगताना दोन्ही घटना एकाच तोलाच्या आहेत असा चेहरा ठेवावा. भारतीय माणसाच्या हातात इथे हुकमाचा एक पत्ता असतो. चर्चा रंगात आली की तो टाकायचा. पहिल्या कथेचे दिग्दर्शक वारिस हुसेन यांचा जन्म लखनौचा. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, त्या वेळी बीबीसीच्या नाट्यविभागातली सर्वांत तरुण निर्माती आणि एकटीच बाई. दोघेही तिशीच्या आतले. साहेबांच्या त्या कचेरीत या दोघांकडे लोक कसे बघत असतील याची कल्पना करायला कालयान लागत नाही.

आता मर्माची गोष्ट. या मालिकेत जे जे पवित्र मानले जाते ते बहुतेक अडचणीतून, आणि त्यातही पैशांच्या, जन्माला आले आहे. जाणत्याला हे ठाऊक असते, म्हणूनच तो त्यामागचे तत्त्वज्ञान सांगत असतो.

डॉक्टरचे कालयान, म्हणजे टार्डिस, जिथे उतरेल तिथल्या परिसरात मिसळून जाईल असे रूप घेते, ही मूळ कल्पना. दर कथेला नवे रूप उभारायचे म्हणजे सुतार, रंग, खर्च. म्हणून पहिल्याच कथेत यंत्र बिघडले, आणि टार्डिस लंडनच्या रस्त्यावर असायच्या तसल्या पोलिसांच्या निळ्या खोक्याच्या रूपात अडकली. ती अजून तशीच आहे. पुढे खरी खोकी रस्त्यांवरून गेली, हे एक राहिले. १९९६ मध्ये बीबीसीने त्या खोक्यासाठी ट्रेडमार्कचा अर्ज केला, तेव्हा लंडनच्या मेट्रोपोलिटन पोलिसांनी हरकत घेतली. २००२ मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. पोलिसांचे खोके पोलिसांचे नाही, हे सरकारदरबारी ठरले. हा किस्सा सांगितल्याशिवाय बैठकीतून उठू नये.

टार्डिसचा तो घरघरता, दम लागल्यासारखा आवाज ब्रायन हॉजसन यांनी बनवला. एका जुन्या पियानोच्या खर्जाच्या तारांवरून घराची किल्ली खरवडत नेली, ते ध्वनिमुद्रित केले आणि मग फीत उलटसुलट फिरवून त्यावर प्रतिध्वनी चढवले. किल्ली त्यांच्या आईच्या घराची होती. तुमच्याकडे पियानो नसेल तर हा प्रयोग तानपुऱ्यावर करू नये. तानपुरा ज्यांचा असेल ते तुमच्या कालप्रवासाची सोय तिथल्या तिथे करतील.

शीर्षकसंगीताबद्दल मात्र थट्टा नको. चाल रॉन ग्रेनर यांची, पण ती कानावर पडते तशी घडवली डेलिया डर्बीशायर यांनी. सिंथेसायझर हाताशी नव्हता. एकेक सूर वेगळा मुद्रित करून, फितीचे तुकडे कापून, जोडून ती धून उभी राहिली. पडद्यावर त्यांचे नाव यायला २०१३ साल उजाडले. त्या २००१ मध्येच गेल्या होत्या. इथे हळहळलात तर ती हळहळ खरी असू द्या.

पुढचा धडा : डॉक्टर मोजणे. १९६६ मध्ये पहिला नट विल्यम हार्टनेल आजारी, आणि मालिका तर जोरात. आपल्याकडे अशा वेळी नायकाला अपघात होतो, तोंडाला पट्ट्या बांधतात आणि पट्ट्या सुटल्यावर आतून दुसराच नट निघतो. बीबीसीने पट्ट्यांचाही खर्च वाचवला. डॉक्टर यानात जमिनीवर कोसळला आणि पॅट्रिक ट्रॉटन होऊन उठला. का? तर त्याची जातच तशी, मरायला टेकले की शरीर बदलते. इतकी सोयीची थाप टीव्हीच्या इतिहासात दुसरी झाली नसेल, आणि तिच्याच जोरावर मालिकेने साठी ओलांडली.

मोजणे वरवर सोपे आहे, पण २०१३ मध्ये जॉन हर्ट एक डॉक्टर होऊन आले आणि त्यांना क्रमांकच दिला नाही. डेव्हिड टेनंट दहावा आणि चौदावाही. शरीर बाराच वेळा बदलता येते असे १९७६ मध्ये सांगून ठेवलेले, ती मर्यादा २०१३ मध्ये गाठली तेव्हा बदलांचा नवा कोटा मंजूर झाला. रेशनकार्डावरही इतक्या सहजासहजी होत नाही. ग्रुपवर कोणी ‘आतापर्यंत एकूण डॉक्टर किती?’ असे विचारले तर उत्तर देऊ नका. ‘तुम्ही कसे मोजता त्यावर आहे,’ एवढेच लिहा आणि फोन सायलेंटवर टाका. सकाळपर्यंत तीनशे मेसेज पडलेले असतील.

डालेक या राक्षसांवर विनोद करायचा मोह टाळा. मालिकेचे जनक सिडनी न्यूमन यांना राक्षसबिक्षस अजिबात नको होते. महिन्याभरात डालेक आले आणि मालिका घरोघरी पोचली. टेरी नेशन यांची कल्पना, रेमंड क्युसिक यांचा आराखडा, आत बसून पायांनी गाडा ढकलणारा एक घामाघूम माणूस, आणि विश्वाचा थरकाप उडवणारा हात म्हणून बेसिन तुंबल्यावर वापरतात तो रबरी पंप. ‘हे जिने कसे चढणार?’ हा विनोद नवख्याची खूण आहे. १९८८ मध्ये डालेक सर्वांच्या देखत जिना चढला. तो विनोद तेव्हाच निवृत्त झाला.

डॉक्टर झालेल्या टॉम बेकरच्या लांबलचक मफलरची गोष्ट मात्र सांगायची. विणणाऱ्या बाईंना लोकर भरपूर दिली, किती वापरायची ते सांगितले नाही. त्यांनी सगळी विणली.

आता ज्याच्याशिवाय जुनेपण येत नाही ते : हरवलेले भाग. साठच्या दशकात मालिकेचे २५३ भाग झाले. चित्रफीत महाग, म्हणून बीबीसी जुने पुसून त्यावर नवे चित्रित करायची. फिल्मच्या प्रतीही पुढे फेकून दिल्या. नव्वदहून अधिक भागांचे चित्र गेले. आवाज मात्र प्रत्येक भागाचा शिल्लक आहे, कारण काही पोरांनी टीव्हीजवळ मायक्रोफोन धरून ते टेपवर उतरवून ठेवले होते. घरच्यांना गप्प बसवून त्या वयात केवढी ही शिस्त! कॉपीराइटवाल्यांनी आज ज्याला चोरी म्हटले असते त्यामुळे मालिकेचा तेवढा तरी ऐवज वाचला. पुढे चाहत्यांनी त्या आवाजाला स्थिरचित्रे जोडली, नंतर अधिकृत ॲनिमेशनही निघाले.

तुम्ही एवढेच करायचे : सर्वश्रेष्ठ कथा कोणती असे विचारले, की हरवलेली सांगायची. तपासणार कोण? यात जोखीम एकच, की कथा सापडते. परदेशी वाहिन्यांना विकलेल्या प्रती कुठे कुठे पडून असतात. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून आलेले नऊ भाग जाहीर झाले. त्यात ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ ही कथा पूर्ण झाली. तोवर तिचा एकच भाग उपलब्ध होता आणि त्यावरून जाणकार तिला नाके मुरडत. सगळी पाहिल्यावर ती भलतीच चांगली निघाली. नाके कोणी परत सरळ केली नाहीत, विषय बदलला.

सध्याच्या पर्वाबद्दल काय बोलावे? नियम असा, की आत्ताचा मुख्य लेखक मालिका बुडवतो आहे आणि आधीचा थोर होता. रसेल टी. डेव्हिस यांनी २००५ मध्ये मालिका पुन्हा सुरू केली, २०१० मध्ये निरोप घेतला आणि २०२३ मध्ये ते परतले. म्हणजे एकाच माणसाला आधी शिव्या, मग आरती, मग पुन्हा शिव्या, अशी सोय आहे. २००५ चा पहिला भाग, ‘रोझ’, प्रसारणाच्या काही आठवडे आधीच इंटरनेटवर फुटला होता. तेव्हाही लोकांनी तो पाहून आधी तक्रार केली आणि मग वाट पाहिली.

एवढी तयारी झाल्यावर एखादा भाग प्रत्यक्ष पाहायलाही हरकत नाही. फाळणीवरचा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ (२०१८) भारतीयांनी पाहावाच. त्यातला पंजाब स्पेनमध्ये चित्रित केला आहे आणि हे कळल्यावरही गळा दाटतो. पण सुरुवात २००७ च्या ‘ब्लिंक’पासून करा. पाऊण तासाचा भाग, डॉक्टर मोजकाच दिसतो, आधीचे काही माहीत असावे लागत नाही. त्यात दगडी पुतळे आहेत. तुम्ही बघत असेपर्यंत ते हलत नाहीत, तेव्हा तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवा.