गरम झालं की रुसतं

अहो वहिनी, थांबा जरा. मेथी मागनं निवडा, आधी हे ऐका. काल रात्री आमच्या मागीलदारी जो भटभटाट चालला होता ना, तो पाण्याच्या पंपाचा नव्हता. बोटीचं मशीन होतं! हसता काय? बोट तिकडं डिंभ्यालाच आहे, इथं आलं ते नुसतं मशीन. टेम्पोत, गोणपाटात गुंडाळून.

धाकट्याचा तो दोस्त माहितीय ना तुम्हाला, डिंभ्याच्या वरच्या अंगाचा? धरणात जाळी टाकतो तो. त्याच्या घरात आजवर वल्ह्यावर भागलं, पण याला हौस. हर्णैच्या कुणा पाहुण्याकडनं जुनं पेट्रोलचं मशीन उचललं, होडीच्या मागं टांगायचं असतं ते. आता त्याची तऱ्हा ऐका. सकाळी पहिल्या दोरीला सुरू. अर्धा तास मजेत चालणार. आणि ऐन मधोमध गेलं की गप्प! मग तासभर बसा पाण्यात, वारा नेईल तिकडं. जरा निवलं की पुन्हा पहिल्या दोरीला सुरू, काही झालंच नाही अशा थाटात. काठावर आणून मिस्त्रीला दाखवावं तर तिथं इतकं गुणी, की पोरगाच खोटा पडायचा.

मग काय, गावात जितकी तोंडं तितकी निदानं. कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये पाणी. कुणी म्हणालं ऑइल जास्त पडतंय. कार्बोरेटर साफ झाला, प्लग नवा झाला. एका दुकानदारानं तर न बघताच ठिणगीचा करंट साठवणारा सीडीआयचा डबा गळ्यात मारला, तो सगळ्यात महाग. तरी मशीन आपलं तसंच. शेवटी एक म्हातारी म्हणाली, जुनं आंबेगाव त्या पाण्याखाली गेलंय, तिथलंच कुणीतरी धरतं. आमचे हे त्यावर उसळले. म्हणाले, त्या पाण्याला बाबू गेनूचं नाव आहे. आपल्या म्हाळुंगे पडवळचा माणूस, 1930 साली मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकपुढं उभा राहिला, मागं हटला नाही. त्याच्या नावाच्या पाण्यात भुताची काय टाप?

तुम्ही म्हणाल, यांना काय कळतं त्यातलं? खरं आहे. उभा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला, आणि डिझेलच्या इंजिनाला ठिणगीच लागत नाही. हवा दाबून दाबून इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. पण रिटायर झाल्यापासून आळीतले फवारणीचे पंप यांच्याकडेच येतात, आणि त्यांची इंजिनं पेट्रोलचीच. एक धडा पक्का शिकलेत. पार्ट बदलत बसायचं नाही, आधी विचारायचं.

यांनी पोराला काय विचारलं माहितीय? मशीन मेलं कसं, खोकत खोकत की झटक्यात? तो म्हणाला, झटक्यात, दिवा मालवल्यासारखं. यांनी लगेच मान हलवली. पेट्रोल कमी पडलं तर मशीन आधी कुरकुरतं, धापा टाकतं, मग मरतं. करंट गेला तर एका क्षणात. पाइपातला रबरी गोळा दाबून पाहिलास का, हाही प्रश्न झाला. दाबला होता म्हणे, काही फरक पडला नाही. झालं, पेट्रोलवरचा आळ निम्मा उतरला.

मग आमचं पाण्याचं पिंप गेलं! त्यात मशीनचं शेपूट बुडवून ठेवलं. पाण्याबाहेर चालवलं तर आतला रबरी पंखा मिनिटात जळतो, म्हणून. सुरू केलं आणि सगळे वाट बघत बसले. दुखणं कधी येईल याची वाट बघायची, ही पहिलीच वेळ असेल आमच्या घरात. आणि मेलं ते चालतंय, चालतंय, थांबायचं नाव नाही. चहा झाला, दुसरा चहा झाला.

तेवढ्यात यांनी सासऱ्यांचा ट्रान्झिस्टर आणला. स्टेशन नाही तिथं काटा लावला आणि मशीनपाशी धरला. टिकटिकटिकटिक! प्रत्येक ठिणगीचा आवाज रेडिओवर. म्हणून तर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीला असल्या गोंगाटाचं वावडं, असं हे म्हणाले. पोरांना विज्ञान दिनाला घेऊन गेलो होतो ना आपण, 45 मीटर व्यासाच्या त्या तबकड्या बघायला? अशा 30 आहेत. ते लोक आकाशातनं येणारी कुजबुज ऐकतात, आणि मध्येच कुणाची फटफटी ठिणग्या उडवत गेली की त्यांची पंचाईत. आपली कुजबुज बरी बाई, कुंपणापलीकडं जात नाही. जाते? बरं, जाऊ दे.

तर मशीन मेलं एकदाचं. लगेच दोरी ओढली, ट्रान्झिस्टर मुका. टिक नाही की टाक नाही. हे ओरडले, सापडला! आणि प्लग काढून बघायला पोरगा धावला तर त्याचा हात धरला. उघड्या हवेत प्लगला ठिणगी पडते म्हणून फसतात लोक. आत दाबलेल्या हवेत ती उडी मारायला कितीतरी जास्त जोर लागतो. म्हणून टेस्टर लावला, सहा-सात मिलिमीटर फटीचा. वायर मोकळी लोंबकळत ठेवून दोरी ओढायची नाही, नाहीतर नवा डबाही उडतो. टेस्टरलाही अंधार.

आता करंट खाल्ला कुणी? पहिला संशय बंद करायच्या बटणावर. ते बटण म्हणजे करंट इंजिनाच्या अंगात सोडून देणारी वायर. झाकणाखाली एका जागी ती घासून तांबं उघडं पडलेलं! टेप मारली, पेढे आणायचंच बाकी होतं. पिंपात पुन्हा चालवलं. पुन्हा मेलं. आता यांनी ती वायर सरळ सुटीच केली, तरी ठिणगी नाही. म्हणजे बटण सुटलं आळातनं. वायर उघडी होती हे खरं, पण आजचा चोर ती नव्हे.

राहिलं फिरत्या चाकाखालचं कॉइल. चाकातली लोहचुंबकं त्याच्यावरनं फिरतात, करंट तयार होतो, डब्यात साठतो, आणि तिथनं ठिणगीकडं जातो. मूळच आटलं तर पुढं काय जाणार? मीटर लावेपर्यंत मशीन निवलेलं, मीटर म्हणतो सगळं ठीक. तिथंच तर सगळे मिस्त्री फसले होते. कुणीच तापल्यावर मोजलं नव्हतं. चाक उतरवलं, पेट्रोलची टाकी लांब नेली, मशीन ओट्यावर घेतलं आणि कॉइलला ऊब दिली. मीटर माझ्या हातात होता हो! आकडा हळूहळू चढत गेला. मी म्हटलं, बिघडलं. हे म्हणाले, नाही, तांबं तापलं की रोध वाढतोच, साठेक अंशांनी तापवलं तर जवळपास पावपट वाढणार, ते चालतं. आणि मग एकदम आकडाच गायब. तार तुटली म्हणे. आत केसासारखी बारीक तांब्याची तार, कुठंतरी चिरलेली. थंड असताना टोकाला टोक टेकतं, तापून पसरलं की सुटतं. निवलं की पुन्हा टेकतं. पोरगा खोटं बोलत नव्हता, मशीनही नाही. आम्ही तीनदा तापवलं, तीनदा निववलं, दर वेळी तसंच.

तर आता नवं कॉइल मागवलंय. तो सीडीआयचा डबा परत घ्यायला दुकानदार तयार नाही, त्यावरनं तिकडं वेगळंच भांडण पेटलंय, ते सांगते उद्या. हो, आणि वहिनी, तुमच्या सूनबाईंचा तो केस वाळवायचा ड्रायर सकाळपासनं सापडत नाही म्हणत होत्या ना? रात्री तुमच्या नातवानंच दिला हो आणून, मी मागितला नव्हता. पुसून देते संध्याकाळी. ग्रीसचा वास जरा येईल दोन दिवस.