कावीळ कशी आणावी? नवशिक्यांसाठी

कावीळ एकट्याच्या बळावर येत नाही. गावाचं सहकार्य लागतं. पावसाळ्यात ते मागावंही लागत नाही.

सुरुवात पाइपलाइनपासून करा. गटार आणि नळाची लाइन एकाच चरातून न्या. खोदाईचा खर्च वाचतो आणि ग्रामसभेत टाळ्या मिळतात. पाणी मात्र दिवसाआडच सोडा. नवशिके नेमके इथे चुकतात. लाइन भरलेली असेल तर फुटक्या जागेतून पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की दाब उतरतो आणि तीच भेग बाहेरची घाण आत ओढते. व्हॉल्व्हचा खड्डा तुंबलेला असेल तर दुधात साखर. ज्यांना फारच घाई आहे त्यांनी नळाला थेट मोटार लावावी; शेजाऱ्याच्या वाटणीचं पाणी येतं, वर गटाराचंही. काही जण पहिलं गढूळ पाणी ओतून देतात. त्यांच्या नादी न लागता हंडा आधी लावा.

आता टीसीएल, म्हणजे पाण्यात टाकायची ब्लीचिंग पावडर. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, म्हणून पोत्याचं तोंड उघडंच ठेवा. पुढचं हवा आणि ओल बघून घेतात. तरी कोणी पावडर टाकलीच, तर ‘पाण्याला औषधाचा वास येतो’ म्हणत ग्रामपंचायतीवर जा. क्लोरीन तपासायची ओटी टेस्टची बाटली कपाटातच बरी. क्लोरीन असला की नळीतलं पाणी पिवळं होतं. नळी पिवळी होईना, की पुढे गाव पिवळं होतं.

प्रगत विद्यार्थ्यांनी दिल्ली अभ्यासावी. १९५५-५६ मध्ये तिथे सांडपाणी मिसळलेलं यमुनेचं पाणी नळाला आलं. क्लोरीन वाढवला होता, त्यामुळे टायफॉइड काही वाढला नाही. पण सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो हिपॅटायटिस ई होता, हे कळायला पुढे कित्येक वर्षं गेली. तेव्हा गढूळ पाण्यात नुसती पावडर टाकून निश्चिंत व्हायला हरकत नाही. उकळलं की मात्र सगळी मेहनत वाया.

मग वाट पाहा. हा विषाणू दोन ते दहा आठवडे दम धरतो. तोवर लाइनची गळती कोणाला आठवत नाही. आळ येतो तो लग्नातल्या मठ्ठ्यावर.

डोळे पिवळे झाले की कावीळ उतरवणाऱ्या माळवाल्याकडे जा. गाठी सैल होत जातात आणि माळ लांबते. चुन्याने हात धुतले की परातीत पिवळं पाणी उतरतं. ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआपच बरी होते, श्रेय माळेला.

घरात कोणी गरोदर असेल तर हे सगळं इथेच थांबवा. शेवटच्या तीन महिन्यांत या विषाणूने शंभरातल्या वीस-पंचवीस जणी दगावू शकतात. तिच्यासाठी पाणी उकळा. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माळेचं नंतर बघू.