मदत तिसरीत हवी, सवलत दहावीत मिळते

अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला दहावीच्या परीक्षेत ताशी 20 मिनिटे जादा मिळतात, गरज असेल तर लेखनिकही मिळतो. तो त्याचा हक्कच आहे. पण त्याची अडचण दहावीत सुरू झालेली नसते. तिसरीतच तो जोडाक्षरापाशी अडतो, फळ्यावरचे उतरवताना काना-मात्रा गाळतो, तोंडी हिशेब मात्र झटकन सांगतो. तेव्हा त्याला शेरा मिळतो: अभ्यासात लक्ष नाही.

कायदा याहून शहाणा आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता आहे, आणि ती लवकरात लवकर ओळखणे हे शाळेचे काम आहे. केंद्राच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा वयाच्या आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शिक्षकांनीच प्राथमिक चाचणी घ्यायची आहे.

पुढची मदत कोण करणार? सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला. राज्याने 2024 मध्ये 4,860 पदे ठरवली, शाळांच्या एका केंद्राला एक. न्यायालयाने मुले मोजली, सरकारने केंद्रे मोजली. एका केंद्रात शाळा अनेक, शिक्षक एकच.

अहिल्यानगरचेच पाहा: क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. तालुके 14. अकोले तालुक्यातल्या डोंगरवाड्यांत एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पोहोचायलाच शिक्षकाचा दिवस मोडतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेडची गोष्ट आणखी बिकट. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन आईबाप ऊसतोडीसाठी साखर कारखान्याकडे निघतात. मूल हंगामी वसतिगृहात राहिले तर ठीक, नाहीतर तेही फडात जाते. परतल्यावर त्याला वाचता येत नाही, याचे कारण सगळ्यांना आयतेच सापडते: स्थलांतर. अक्षरांशी त्याचे मुळातच जमत नव्हते, हे मग कुणी तपासतच नाही. गरिबीच्या आड अक्षमता लपते आणि मूल दोन्हींकडून मारले जाते.

म्हणून तिसरीची चाचणी दिवाळीआधी संपवा. तिची नोंद मुलाबरोबर कारखान्याजवळच्या शाळेत पोहोचवा. पालकांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत भिंतीच्या रंगाआधी हे विचारा: वाचताना कोणकोणती मुले अडतात आणि त्यांच्यासाठी या महिन्यात काय केले? ‘प्रमाणपत्र आल्यावर बघू’ हे उत्तर मान्य करू नका. परीक्षेतल्या सवलतीला प्रमाणपत्र लागते. मुलाला पुढच्या बाकावर बसवायला, मोठ्या अक्षरात लिहून द्यायला, उत्तर तोंडी ऐकून घ्यायला कुणाच्याही सही-शिक्क्याची गरज नाही. ते उद्याच्या पहिल्या तासाला सुरू करता येते.